चाकांवरचे बिऱ्हाड आणि दिवसाची मजल

प्रवासाला निघालेल्या माणसाने एका दिवसात किती अंतर तोडावे, हा प्रश्न वरवर पाहता इतिहासाच्या कक्षेत येत नाही. तो नकाशाचा, घड्याळाचा आणि फार तर गाडीच्या टाकीतील तेलाचा प्रश्न आहे, असे कोणालाही वाटेल. परंतु आपल्या भाषेला तसे वाटलेले नाही. तिने या अंतरासाठी एक स्वतंत्र शब्द राखून ठेवला आहे. 'मजल' हा शब्द मूळ अरबी 'मंझिल' पासून फारसीच्या वाटेने आपल्याकडे आला. मंझिल म्हणजे उतरण्याची जागा. पुढे मराठीत उतरण्याच्या दोन जागांमधील चालीलाच मजल म्हणू लागले आणि 'मजल दरमजल करीत' हा प्रयोग रूढ झाला. म्हणजे आपल्या पूर्वजांनी दिवसाचे अंतर मोजताना कोठवर धावता येईल हे पाहिले नाही. कोठे उतरता येईल हे पाहिले. आज आम्ही जो विषय मांडणार आहो, त्याचे सारे मर्म या एका शब्दात साठवलेले आहे.

विषय आहे चाकांवरच्या बिऱ्हाडाचा. विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर असते, तसे ज्या गाडीतच निजण्याची जागा, चूल, पाण्याची टाकी आणि कपड्यांचे कपाट असते, त्या गाडीला युरोप-अमेरिकेत मोटरहोम म्हणतात. अशी गाडी घेऊन सुट्टीला निघणारी लाखो कुटुंबे त्या देशांत आहेत. आपल्याकडे ही गोष्ट अगदी अलीकडची असली, तरी परकी राहिलेली नाही. महाराष्ट्र शासनानेही २०२१ मध्ये कॅराव्हान पर्यटनाचे धोरण ठरवले. तेव्हा ज्या प्रश्नावर तिकडच्या प्रवाशांनी शंभर-सव्वाशे वर्षे अनुभव घेतला, तो प्रश्न उद्या आपल्याही दारात उभा राहणार आहे. घर बरोबरच आहे, मग थांबायचे कशाला? आणि थांबायचे नसेल, तर घर बरोबर घेतले कशाला?

आमचे म्हणणे थोडक्यात असे आहे. दिवसाची मजल ही नेहमी तांड्यातील सर्वांत दुबळ्या घटकाने ठरवली आहे. तो घटक कोण, हे मात्र काळागणिक बदलत गेले. आधी तो बैल होता, मग घोडा, मग यंत्र आणि रस्ता. हे तिन्ही सुधारले, तेव्हा दुबळा घटक म्हणून शेवटी माणूसच उरला. अडचण एवढीच की, बैल थकला म्हणजे तो बसतो आणि सर्वांना दिसतो; माणूस थकला म्हणजे तो स्वतःलाही दिसत नाही.

आता क्रमाने पाहू. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास अमेरिकेतील हजारो कुटुंबे मिसुरी नदीच्या काठावरून ओरेगॉन आणि कॅलिफोर्नियाकडे निघाली. वाट सुमारे २,००० मैलांची. गाडीवर कापडाचे छप्पर, आत पीठ, डुकराचे खारवलेले मांस, अवजारे, अंथरुणे. गाडी सामानानेच भरलेली असल्यामुळे धडधाकट माणसे बहुधा शेजारून पायी चालत. ओढायला बैल असत. कारण घोड्यापेक्षा बैल सावकाश चालला, तरी तो माळावरच्या गवतावर निभावतो. दिवसाची चाल साधारण १२ ते १५ मैलांची पडे. दोन मैलांचा कोस धरला, तर सहा-सात कोस. या हिशेबाने चालण्याचेच साडेचार-पाच महिने होतात, आणि खरोखर या प्रवासाला चार ते सहा महिने लागत.

ही मजल वाढवण्याची इच्छा कोणाला नव्हती असे नाही. परंतु दोन्ही टोकांना निसर्गाने खुंट्या मारून ठेवल्या होत्या. वसंतात गवत उगवण्याआधी निघावे, तर बैल उपाशी मरणार. पर्वतात बर्फ पडल्यावर पोचावे, तर माणसे मरणार. वायोमिंगमधील एका प्रचंड खडकाला लोकांनी 'इंडिपेन्डन्स रॉक' हे नाव दिले होते. ४ जुलैच्या सुमारास त्या खडकाशी पोचले, तर चाल बरोबर आहे असे समजावे, हा त्यांचा ठोकताळा. रविवारी थांबावे की चालावे, यावरून तांड्यांत वादही होत. थांबण्याच्या बाजूचे लोक धर्माचे कारण सांगत. पण थांबलेल्या दिवशी बैल चरत, कपडे धुतले जात, गाड्यांची चाके दुरुस्त होत, हे कारण त्याहून लहान नव्हते.

या वाटेवर घाईची किंमत किती होऊ शकते, याचे उदाहरण १८४६ साली घडले. इलिनॉयमधून निघालेली डॉनर आणि रीड ही कुटुंबे व त्यांचे सोबती रूढ वाट सोडून 'हेस्टिंग्ज कटऑफ' नावाच्या आडवाटेला लागले. या वाटेने काहीशे मैल वाचतील, असे ती सुचवणाऱ्याने लिहून ठेवले होते. प्रत्यक्षात त्या वाटेने गाड्या नेण्याजोगा रस्ताच नव्हता. वॉसाच पर्वतात झाडे तोडून रस्ता पाडता पाडता दिवस गेले. पुढे मिठाचे वाळवंट सांगितल्याच्या दुप्पट लांब निघाले, तेथे बैल गेले. ऑक्टोबर संपता संपता हा तांडा सिएरा नेवाडाच्या पायथ्याशी पोचला, आणि बर्फाने खिंड बंद झाली. ८७ माणसांपैकी ४८ वाचली. जी वाचली, त्यांतील काहींना मेलेल्यांच्या देहावर जगावे लागले. येथे एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. हा तांडा काही रोजची मजल कमी पडली म्हणून एकदम बुडाला नाही. निघायला थोडा उशीर झाला होता, आणि तो उशीर जवळच्या वाटेने भरून काढावा, या विचाराने तो बुडाला. नकाशावर वाचलेले मैल आणि जमिनीवर वाचलेले मैल यांत फरक असतो, हा धडा अमेरिकेने तेथे घेतला.

हे झाले पोटासाठी केलेल्या प्रवासाचे. सुट्टीसाठी चाकांवरचे घर बांधणारा पहिला नामांकित गृहस्थ मात्र इंग्लंडात सापडतो. डॉ. विल्यम गॉर्डन स्टेबल्स हा मूळचा स्कॉटिश. आरमारात शस्त्रवैद्य म्हणून नोकरी करून तो मुलांसाठी साहसकथा लिहू लागला होता. त्याने ब्रिस्टलच्या गाड्यांच्या कारखान्यात स्वतःसाठी एक घोड्यांची राहती गाडी बांधून घेतली आणि तिला 'वाँडरर', म्हणजे भटकी, असे नाव दिले. १८८५ च्या उन्हाळ्यात बर्कशायरमधील ट्वायफर्ड गावाहून तो स्कॉटलंडातील इन्व्हरनेसपर्यंत या गाडीतून गेला, आणि पुढच्या वर्षी त्या प्रवासाचे पुस्तक प्रसिद्ध केले. गाडीचे वजन सुमारे दोन टन, ओढायला दोन घोडे, बरोबर गाडीवान, एक न्यूफाउंडलंड जातीचा कुत्रा आणि एक काकाकुवा. त्याचा नोकर तीनचाकी सायकलवरून पुढे जाई आणि वाट कशी आहे, समोरून काही येते आहे का, ते पाही.

त्या काळी लंडनहून इन्व्हरनेसला आगगाडी जात होती. ज्या अंतराला आगगाडीला एक दिवस पुरे, त्या अंतराला स्टेबल्सने उन्हाळ्याचे आठवडेच्या आठवडे दिले. हे वेडेपण नव्हते. आगगाडीने इंग्लंडाची दोन टोके जोडली होती, परंतु मधले गाव खिडकीतून पळणारे चित्र करून ठेवले होते. स्टेबल्सला ते मधले गाव हवे होते. आणि ते त्याला मिळाले, याचे श्रेय त्याच्या मनोनिग्रहाइतकेच त्याच्या घोड्यांनाही दिले पाहिजे. दोन टनांचा बोजा चढावर ओढणारा घोडा पंधरा-वीस मैलांपलीकडे रोज रोज जात नाही. संध्याकाळी त्याला तबेला लागतो, दाणावैरण लागते, नाल निखळला तर लोहार लागतो. म्हणून मुक्काम गावात, गावकऱ्यांच्या ओळखीनेच करावा लागे. घोड्याची गरज हीच मालकाची गावाशी गाठ घालून देई. पुढे १९०७ साली इंग्लंडात कॅराव्हान क्लब स्थापन झाला, तेव्हा स्टेबल्सला त्याचे उपाध्यक्षपद देण्यात आले.

परंतु एवढ्यावर थांबलो, तर इतिहास अर्धाच सांगितल्यासारखे होईल. ज्या गाडीला पाहून या सद्‌गृहस्थाला आपली गाडी सुचली, त्या गाड्या रोमानी लोकांच्या होत्या. त्यांना इंग्रज 'जिप्सी' म्हणत. त्यांचे चाकांवरचे घर ही चैन नव्हती. ते घरच होते. सद्‌गृहस्थाची मजल घोड्याने ठरवली. रोमानी कुटुंबाची मजल पुष्कळदा शिपायाने ठरवली. इंग्लंडच्या १९५९ च्या हमरस्त्यांविषयीच्या कायद्यात, जिप्सीने रस्त्याच्या कडेला तळ देणे हा गुन्हा ठरवला गेला. त्याच रस्त्याने सुट्टीची गाडी घेऊन जाणारा कारकून मात्र 'पर्यटक' होता. आपल्याला हे नवल वाटू नये. आपल्याकडेही १८७१ च्या कायद्याने फिरत्या जमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरवून हजेरीला बांधले होते, आणि तो कलंक कायद्याच्या पोथीतून निघायला १९५२ साल उजाडावे लागले. कोणी किती चालावे, यापेक्षा कोणाला थांबू द्यावे, हा प्रश्न नेहमीच अधिक कठोर राहिला आहे.

आता मोटारीकडे वळू. १९०३ साली व्हरमाँटचा डॉ. होरेशिओ नेल्सन जॅक्सन याने सॅन फ्रान्सिस्कोहून न्यूयॉर्कपर्यंत मोटार नेली. बरोबर सिवॉल क्रॉकर हा यंत्र जाणणारा तरुण आणि वाटेत मिळवलेला एक कुत्रा. प्रवासाला ६३ दिवस लागले, आणि त्यांतील कितीतरी दिवस सुटे भाग रेल्वेने येण्याची वाट पाहण्यात गेले. १९१० साली पिअर्स-ॲरो कंपनीने अशी एक मोटार मांडली की, जिची मागची बैठक उघडून बिछाना होई आणि जिच्यात हात धुण्याचे भांडेही होते. अशा रीतीने घर मोटारीत शिरले. पण रस्ता अजून घराबाहेरच होता.

तो किती बाहेर होता, हे १९१९ मध्ये साऱ्या अमेरिकेला कळले. पहिले महायुद्ध संपल्यावर अमेरिकन सैन्याने ८१ वाहनांचा एक ताफा वॉशिंग्टनहून सॅन फ्रान्सिस्कोला पाठवला. ७ जुलैला निघालेला हा ताफा ६ सप्टेंबरला पोचला. अंतर सुमारे ३,२५० मैल. विश्रांतीचे दिवस वगळले, तरी रोजची सरासरी ५८ मैल, आणि वेग ताशी सुमारे ६ मैल! लाकडी पूल वजनाखाली मोडत होते, चाके वाळूत आणि चिखलात रुतत होती. बैलगाडीच्या तांड्यांच्या काळापासून सत्तरएक वर्षे लोटली होती, बैलांच्या जागी इंजिने आली होती, आणि तरी दिवसाची मजल वाढून वाढून चौपटच झाली होती. कारण आता दुबळा घटक होता रस्ता. या ताफ्याबरोबर निरीक्षक म्हणून गेलेला एक लेफ्टनंट कर्नल हे सारे पाहत होता. त्याचे नाव ड्वाइट आयझेनहॉवर. ३७ वर्षांनी, १९५६ साली, राष्ट्राध्यक्ष म्हणून त्याने ज्या कायद्यावर सही केली, त्यातून ४१,००० मैलांच्या आंतरराज्य महामार्गांची योजना उभी राहिली. त्या ताफ्याच्या अनुभवाने आपल्याला चांगल्या रस्त्यांचा विचार करायला लावले, असे त्याने आपल्या आठवणींत नमूद केले आहे.

रस्ता सुधारला, यंत्र सुधारले. आता मजल ठरवणार कोण? या वळणावर आमच्या विषयातील खरा पेच उभा राहतो. १९३३ साली अर्विन बेकर नावाच्या मोटारपटूने न्यूयॉर्कहून लॉस एंजेलिसपर्यंतचे अंतर एकट्याने साडेत्रेपन्न तासांत तोडले. जॅक्सनचे ६३ दिवस आणि बेकरचे सव्वादोन दिवस, यांत फक्त तीस वर्षांचे अंतर आहे. माणसाच्या देहात मात्र या तीस वर्षांत तसूभरही सुधारणा झालेली नव्हती.

हे कायदा करणाऱ्यांच्या ध्यानात आले, ही समाधानाची गोष्ट. इंग्लंडच्या १९३० च्या रस्ता वाहतूक कायद्याने एकाच वेळी दोन गोष्टी केल्या. हलक्या मोटारींवरील ताशी २० मैलांची वेगमर्यादा उठवली, आणि भाडोत्री व मालवाहू गाड्यांच्या चालकांवर तासांची मर्यादा घातली. सलग साडेपाच तासांहून अधिक नाही, आणि २४ तासांत ११ तासांहून अधिक नाही. म्हणजे ज्या क्षणी यंत्राचा लगाम सैल केला, त्याच क्षणी माणसाला लगाम घालावा लागला. आपल्या देशातही १९६१ च्या मोटार वाहतूक कामगार कायद्याने दिवसाचे ८ तास आणि आठवड्याचे ४८ तास ही सर्वसाधारण मर्यादा ठरवली, आणि ५ तासांच्या कामानंतर किमान अर्ध्या तासाची विश्रांती आवश्यक केली. युरोपातील आजचा नियम असा आहे की, मालमोटारीच्या चालकाने साडेचार तास गाडी हाकली की ४५ मिनिटे थांबलेच पाहिजे.

परंतु हे सारे नियम पगारी चालकासाठी आहेत. स्वतःच्या कुटुंबाला घेऊन सुट्टीवर निघालेल्या गृहस्थाला ते लागू होत नाहीत. एस.टी.चा चालक आठ तासांनंतर थांबला, तर त्याच्या पाठीशी कायदा उभा असतो. हा गृहस्थ स्वतःचाच मालक आणि स्वतःचाच चाकर. त्याने किती तास गाडी हाकावी, हे विचारणारा कोणी नाही. आणि अनुभव असा आहे की, स्वतःच्या चाकराला माणूस जितके राबवतो, तितके दुसऱ्याच्या चाकराला राबवण्याची त्याची छाती होत नाही.

येथे आम्ही एका प्रयोगाचा उल्लेख करतो. १९९७ साली ड्रू डॉसन आणि कॅथरिन रीड या संशोधकांनी 'नेचर' या नियतकालिकात दाखवून दिले की, सलग १७ तास जागे राहिलेल्या माणसाच्या हाताची व नजरेची सांगड, रक्तात ०.०५ टक्के मद्य असलेल्या माणसाइतकी ढिली पडते. आपल्या देशात चालकाच्या रक्तात १०० मिलिलिटरला ३० मिलिग्रॅम, म्हणजे ०.०३ टक्के, याहून अधिक मद्य आढळले तर तो गुन्हा आहे. आता हिशेब करा. शुक्रवारी सकाळी सहाला उठलेला गृहस्थ दिवसभर कचेरीत काम करतो, संध्याकाळी सामान भरतो, आणि 'रात्री रस्ता मोकळा असतो' म्हणून जेवून निघतो. रात्री अकराला त्याचे १७ तास भरलेले असतात. थेंबभर न पिता तो त्या अवस्थेला पोचलेला असतो, आणि त्याच्या मागे पत्नी, मुले, आईवडील विश्वासाने निजलेली असतात. ही गोष्ट कोणत्याही तपासनाक्यावर नळी फुंकून कळत नाही. बैल बसला असता. घोड्याने तोंड फिरवले असते. गृहस्थ मात्र काच खाली करून थंड वारा घेतो आणि पुढे जातो.

मग या गृहस्थाला आपण दोष द्यावा काय? आम्हांला ते इतके सोपे वाटत नाही. त्याच्या घाईला एक कारण आहे, आणि ते कारण म्हणजे रजा. पगारी रजा ही फार तरुण संस्था आहे. फ्रान्समध्ये १९३६ साली कामगाराला वर्षाला दोन आठवड्यांची पगारी रजा कायद्याने मिळाली. इंग्लंडचा पगारी सुट्टीचा कायदा १९३८ चा. स्टेबल्स ग्रंथकार होता. त्याचा वेळ त्याच्या हाती होता. आजच्या चाकरमान्याला दहा दिवस मिळतात, आणि त्या दहा दिवसांत वर्षाचे सारे ओढलेपण फिटावे अशी त्याची आशा असते. घाई हा त्याचा स्वभाव नव्हे. त्याच्या वर्षाच्या मांडणीतून ती आलेली आहे. म्हणूनच उपदेशापेक्षा हिशेब त्याच्या अधिक उपयोगी पडेल.

असा एक हिशेब मोटरहोमच्या प्रवाशांनी आपसांत रूढ केला आहे. त्याचा कोणी एक कर्ता नाही; म्हणीला कर्ता नसतो, तसाच याला नाही. त्याला 'तीन-तीन-तीन' असे म्हणतात. दिवसाला ३०० मैलांहून, म्हणजे सुमारे ४८० किलोमीटरहून अधिक जाऊ नये. दुपारी ३ च्या आत मुक्कामाला पोचावे. आणि एका ठिकाणी ३ रात्री राहावे. ज्यांना हेही जड वाटते, ते 'दोन-दोन-दोन' पाळतात. या आकड्यांकडे नीट पाहिले, तर त्यांत पूर्वीची सारी शहाणीव नव्या वेषात दिसते.

तीनशे मैल ही कमाल मर्यादा आहे, उद्दिष्ट नव्हे. घराएवढी गाडी ताशी ५० मैलांची सरासरी राखील, तर सहा तास हाकावे लागते. इंग्लंडच्या वाहतूक संहितेत दर दोन तासांनी किमान पंधरा मिनिटे थांबण्याचा सल्ला आहे. तो पाळून, जेवण व तेल भरणे धरून, आठ तास सहज होतात. डोंगराळ वाटेवर, आडव्या वाऱ्यात, अरुंद रस्त्यावर तीच सरासरी ३० वर येते. तेथे ३०० मैल हा अविचार ठरेल. तीनचा ठोका कशासाठी? तर उजेडासाठी. अनोळखी जागी मोठी गाडी मागे घ्यायची, सपाट जमीन पाहून ती उभी करायची, पाणी आणि वीज जोडायची, ही कामे अंधारात आणि थकव्यात बिघडतात. शिवाय जागा पसंत पडली नाही, तर दुसरी शोधायला दिवस हाती उरतो. आणि तीन रात्री का? कारण बिऱ्हाड मांडणे आणि मोडणे यांतच दोन अर्धे दिवस जातात. एकच रात्र राहणारा प्रवासी फक्त मांडतो आणि मोडतो.

आता दहा दिवसांच्या रजेला हा नियम लावून पाहा. नऊ रात्रींत तीन मुक्काम बसतात आणि चार मजला. फार तर १,२०० मैलांचा फेरा होतो. यात हजार मैलांवरचे ठिकाण बसतच नाही. म्हणजे हा नियम गृहस्थाला सावकाश जा असे सांगत नाही. जवळचे ठिकाण निवड, असे सांगतो. चूक रस्त्यावर होत नाही. ती घरी, नकाशासमोर, महिनाभर आधी झालेली असते. डॉनरच्या तांड्याची चूकही अशीच, पर्वत दिसण्याआधीच झालेली होती.

नामवंतांनाही हा मोह सुटलेला नाही. कादंबरीकार जॉन स्टाइनबेक १९६० च्या सप्टेंबरात, मागे खोली बसवलेली एक ट्रक घेऊन, चार्ली नावाच्या कुत्र्यासह अमेरिका पाहायला निघाला. गाडीला त्याने डॉन किहोतेच्या घोड्याचे नाव दिले होते. सुमारे १०,००० मैलांचा हा फेरा त्याने अकरा-बारा आठवड्यांत उरकला. म्हणजे रोजची सरासरी सव्वाशे मैलांच्या आसपास. आकडा लहान वाटतो, परंतु त्यात थांबलेले दिवसही आले. १९६२ साली निघालेल्या त्याच्या पुस्तकात एक प्रामाणिक कबुली आहे. व्हर्जिनियातील ॲबिंग्डनपाशी, घर अजून शेकडो मैल दूर असताना, आपला प्रवास संपला, असे तो लिहितो. त्यापुढचे त्याने फक्त गाडी हाकली. पाहिले काही नाही. पुढे २०१० नंतर एका पत्रकाराने त्याच्या वाटेचा मागोवा घेऊन असेही दाखवले की, पुस्तकात वाटते त्याहून त्याची चाल पुष्कळ वेगाची होती आणि कित्येक रात्री त्याने चाकांवरच्या घराऐवजी पथिकाश्रमात काढल्या. आम्हांला यात त्या लेखकाची फजिती दिसत नाही. मैल संपण्याआधी प्रवास संपू शकतो, हे त्याला कळले आणि त्याने ते लिहिले, एवढे पुरे आहे.

शेवटी आपल्या घरातील एक दाखला देऊन हे विवेचन संपवतो. ज्ञानेश्वर महाराजांच्या पालखीचे आळंदीहून प्रस्थान होते, त्या दिवशीचा मुक्काम आळंदीतच असतो. निघण्याचा सोहळा पूर्ण होतो, पण मजल जवळजवळ शून्य. नंतर पुण्यात दोन रात्री, सासवडला दोन रात्री. या दोन विश्रांतींच्या मधोमध दिवे घाट आहे, आणि वाटेतील सर्वांत लांब मजलही तीच आहे. ज्या कोणी हे मुक्काम बसवले आणि ज्या पिढ्यांनी ते टिकवले, त्यांच्यासमोर वेगाचे कोष्टक नव्हते. रथाचे बैल होते, डोक्यावर तुळस घेतलेली म्हातारी होती, कडेवर मूल घेतलेली बाई होती. सर्वांत दमदार वारकरी पंढरपूरला कधी पोचेल, असा प्रश्न त्यांनी विचारला नाही. सर्वांनी मिळून पोचायचे, तर आज कोठे उतरावे, असा विचारला.

मोटरहोम घेऊन निघणाऱ्या गृहस्थानेही हाच प्रश्न विचारावा. गाडी किती जाईल, हे गाडी विकणाऱ्याने सांगितलेलेच असते. रस्ता किती नेईल, हे नकाशा सांगतो. पण मागच्या आसनावरचा सहा वर्षांचा मुलगा, गुडघे धरलेली आई, आणि चाकामागे बसलेला, दोन रात्री नीट न झोपलेला आपण स्वतः, यांना कोणी विचारीत नाही. निघण्यापूर्वी त्यांना विचारावे, आणि त्यांतला जो सर्वांत कमी मैल सांगेल, त्याचा आकडा कागदावर मांडावा. त्या आकड्याच्या आत जे गाव सापडेल, तेथे दुपारच्या उजेडात उतरावे. त्या गावाचे नाव निघताना ठाऊक नसले, तरी तीन रात्रींनंतर ते घरातील मुलांना ठाऊक झालेले असेल.